सोयाबीनच्या प्रत्येक किलोची पावती असते, पोतं उचलणाऱ्याची असते का? वाशिमच्या हमाल आणि मालवाहू चालकांचं गणित समजून घ्या

दसरा-दिवाळीच्या सुमारास वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव, मानोरा यांपैकी कुठल्याही बाजार समितीच्या आवारात गेलात तर दोन गोष्टी हमखास दिसतात. सोयाबीनचे ढीग आणि गाड्यांच्या रांगा. त्या काळात बातम्या येतात त्या भावाच्या. आज कमाल किती, किमान किती, आवक किती क्विंटल.

तो माल ट्रॅक्टरमधून उतरवतो कोण, काट्यावर चढवतो कोण, ट्रकमध्ये थप्पी लावतो कोण आणि तो ट्रक कारखान्याच्या दारात नेऊन उभा करतो कोण, याची बातमी सहसा होत नाही. ही कामं करणारे दोन घटक म्हणजे हमाल आणि मालवाहू गाडीचा स्थानिक चालक.

या दोघांना पगार कसा मिळतो? कायद्याने त्यांना काय दिलंय? अपघात झाला तर घरच्यांच्या हातात काय पडतं? आणि या सगळ्यात एखादा साधा कागद इतका महत्त्वाचा का ठरतो? हेच आपण पाहणार आहोत.

एका पोत्याला किती हात लागतात?

शेतकऱ्याचं सोयाबीन शेतातून निघतं ते ट्रॅक्टर-ट्रॉलीत, पिकअपमध्ये किंवा 'छोटा हत्ती' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान टेम्पोत. आवारात आलं की हमाल ते उतरवतात आणि ढीग लावतात. मग हर्रास होतो, म्हणजे बोली लागते. सौदा ठरला की माल पोत्यांत भरायचा, काट्यावर ठेवायचा, मापाऱ्याने वजन नोंदवायचं, पोत्याचं तोंड शिवायचं, खरेदीदाराच्या गोदामात नेऊन थप्पी मारायची. तिथून पुन्हा ट्रक भरायचा आणि कारखान्यावर पुन्हा उतरवायचा.

म्हणजे एकच पोतं गिरणीच्या तोंडाशी जाईपर्यंत चार-पाच वेळा माणसाच्या पाठीवर चढतं. ढिगाभोवती सांडलेलं धान्य झाडून गोळा करणाऱ्या, माल चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बायकाही याच साखळीचा भाग असतात. त्यांना हमाल कुणी म्हणत नाही, पण कायद्याच्या नजरेत त्यांचं कामही या कामातच मोडतं. ते कसं, ते पुढे येईलच.

सौदा होईपर्यंतची हमाली साधारणपणे शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीत कापली जाते आणि नंतरची खरेदीदाराकडे जाते. त्या हिशोबपट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई असं सगळं लिहिलेलं असतं. पैसे हमालीचे आहेत हे तिथे कळतं. हमाल कोण होता, हे कळत नाही.

कारंजा, १८८६ : आधी माल मोजायचा नियम झाला

देशातल्या नियंत्रित बाजारपेठांचा इतिहास वाशिम जिल्ह्यातूनच सुरू होतो, हे फार लोकांना माहीत नसतं. त्या वेळी वऱ्हाड हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या कारभाराखाली होता. रेसिडेन्सीच्या आदेशानुसार १८८६ साली कारंजा इथे कापसाचा बाजार नियमाखाली आला. भारतातला हा पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदाच झाला.

हे सगळं का झालं? मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडाचा कापूस हवा होता. तो चोख वजनाचा आणि ठरल्या दराने मिळावा, यात इंग्रज सरकारला रस होता. त्यामुळे बाजाराची जागा, वजनमापं आणि व्यवहार यांना शिस्त लावली गेली. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही नॅरोगेज रेल्वे कारंजावरून गेली. लोक तिला 'शकुंतला' म्हणतात. तिचाही मुख्य धंदा कापूस वाहून नेण्याचाच होता. आज ती बंद आहे.

गाठी गाडीत चढवायला तेव्हाही माणसंच लागायची. पण माल नीट मोजला जावा यासाठी नियम करणाऱ्यांनी माल उचलणाऱ्याच्या रोजंदारीचा, दुखापतीचा किंवा म्हातारपणाचा नियम केला नाही. तो व्हायला पुढे ८३ वर्षं जावी लागली.

१९६९ : माणूस मोजणारा कायदा

'हमाल' हा शब्द मूळचा अरबी, ओझं वाहणारा या अर्थाचा. 'माथाडी' मात्र आपला. माथ्यावर ओझं घेतो तो माथाडी.

मुंबईच्या बंदराजवळच्या बाजारांत सातारा, सांगली, पुणे या भागांतून आलेले हजारो लोक हे काम करायचे. मालक रोज बदलायचा. आज या व्यापाऱ्याची गाडी, उद्या दुसऱ्याची. त्यामुळे "हा माझा कामगार आहे" असं म्हणायला कुणीच बांधील नव्हतं. अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना संघटित केलं. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या माध्यमातून हेच काम उभं केलं. या चळवळींच्या रेट्यातून 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९' आला.

या कायद्याने एक मोठी अडचण सोडवली. कामगाराला एकच कायमचा मालक असला पाहिजे, ही अटच त्याने बाजूला ठेवली. मालक दहा असोत की शंभर, मध्ये एक मंडळ उभं राहील आणि कामगाराची नोंद त्या मंडळाकडे असेल, अशी ही रचना आहे.

माथाडी मंडळ नेमकं काय करतं?

मंडळात सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी असतात. कामाची पद्धत अशी :

• व्यापारी, अडते, कारखानदार, वाहतूकदार यांनी मालक म्हणून मंडळाकडे नोंदणी करायची.
• हमालांनी कामगार म्हणून नोंदणी करायची. त्यांच्या टोळ्यांना क्रमांक मिळतो.
• केलेल्या कामाची मजुरी मालकाने थेट हातात न देता मंडळात भरायची. सोबत लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के जादा रक्कम, भरायची.
• मंडळ मजुरी कामगाराला देतं आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी सुट्टी, औषधोपचार अशा गोष्टींची तरतूद करतं.

म्हणजे रोज वेगळ्या माणसाची गाडी भरणाऱ्यालाही कारखान्यातल्या कायम कामगारासारखं फंडाचं खातं मिळू शकतं. आज आपण 'गिग कामगार' म्हणून ज्यांची चर्चा करतो, त्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलांचा प्रश्न नेमका हाच आहे. काम रोजचं, पण मालक कोण ते सांगता येत नाही. महाराष्ट्राने हमालांसाठी त्याचं उत्तर पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी शोधलं होतं.

कायद्याच्या अनुसूचीत फक्त पोतं उचलणं नाही. चढवणं, उतरवणं, थप्पी लावणं, वाहून नेणं, वजन करणं, माप घेणं, भरणं, शिवणं, निवडणं, साफ करणं ही सगळी कामं त्यात येतात. म्हणून वर उल्लेख केलेल्या चाळणी-निवडणी करणाऱ्या बायकांचाही या कायद्याशी संबंध आहे. रेल्वेच्या थेट नोकरीत नसलेले, पण रेल्वे यार्डात आणि मालधक्क्यावर काम करणारेही यात येतात.

मग अडचण कुठे आहे? कायदा आपोआप लागू होत नाही. मालकाची नोंदणी आणि कामगाराची नोंदणी, दोन्ही झाल्या तरच पैसे मंडळातून फिरतात. मजुरी हातोहात दिली की लेव्ही वाचते. व्यापाऱ्याला ते सोयीचं वाटतं आणि संध्याकाळी रोख पैसे हवे असलेल्या हमालालाही त्या दिवशी ते सोयीचंच वाटतं. त्याची किंमत पुढे दहा-वीस वर्षांनी कळते, कंबर गेल्यावर.

दुसरी बाजूही आहे. माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्यांची तक्रार उद्योजक आणि व्यापारी अनेक वर्षं करत आहेत. त्यावरून २०२३ मध्ये राज्य सरकारने दुरुस्ती विधेयक आणलं. माथाडी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. खंडणीखोरांवर कारवाई करा, पण त्यासाठी कायद्याचा कणा मोडू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

टोळी, मुकादम आणि वर्षाचं गणित

हमालाचा पगार महिन्याचा नसतो. तो पोत्यावर किंवा क्विंटलवर असतो. आठ-दहा जणांची टोळी असते, तिचा एक मुकादम असतो. दिवसभरात टोळीने जेवढं काम केलं त्याची रक्कम एकत्र येते आणि वाटली जाते. एखादा मध्येच आजारी पडला तर त्याचा वाटा बंद होतो, कारण त्या दिवशी त्याच्या पाठीवर पोतं चढलेलं नसतं.

हिशोब कसा होतो ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. आठ जणांच्या टोळीने दिवसात ५० किलोची १,२०० पोती ट्रकमध्ये चढवली, असं समजा. एकूण माल ६० टन झाला. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला १५० पोती, साडेसात टन. एका दिवसात, एका पाठीवर.

आणि हे काम बारा महिने सारखं नसतं. जिल्ह्यातल्या पिकांनुसार त्याला भरती-ओहोटी असते :

• सप्टेंबरअखेर ते डिसेंबर : सोयाबीन. वर्षातला सगळ्यात जास्त कामाचा काळ.
• जानेवारीपासून : तूर.
• फेब्रुवारी ते एप्रिल : हरभरा, गहू.
• उन्हाळ्यात : हळद. रिसोड आणि वाशिमच्या बाजारात या दिवसांत हळदीची आवक असते.
• मे ते जुलै : उलटी दिशा. आता माल गावाकडे जातो, खत आणि बियाणं.
• ऑगस्ट ते मध्य सप्टेंबर : आवार जवळजवळ रिकामं.

सणासुदीला, सलग सुट्ट्यांत, पावसाच्या इशाऱ्यानंतर बाजार बंद राहिला की कमाईही बंद. सरकारी हमीभाव केंद्रावर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपली की शेतकरी रांगेत थांबतो. त्या वेळी टोळीही बसून असते. शेतकऱ्याच्या मालाला निदान उद्या भाव मिळतो, हमालाचा गेलेला दिवस मात्र परत येत नाही.

पोतं किती किलोचं असावं?

जुने हमाल १०० किलोच्या पोत्याच्या आठवणी सांगतात. एक क्विंटलचं एक पोतं, हा हिशोब व्यापाऱ्याला सोपा होता. पण मणक्याला हिशोब कळत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये याबाबत करार आणि शिफारस मंजूर केली. त्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाने हाताने उचलायच्या वजनाची मर्यादा ५५ किलो आहे. हमाल संघटनांची मागणी ५० किलोच्या पोत्याची राहिली. हळूहळू धान्य, साखर यांची पोती ५० किलोवर आली. युरियाची गोणी तर २०१८ पासून ४५ किलोची झाली.

पण आवारात अडचण वेगळी असते. शेतकरी घरून जे पोतं भरून आणतो ते कितीचं असावं, यावर बंधन नसतं. हाताला लागेल ते पोतं, दाबून भरलेलं. ते ६० किलोचं आहे की ८० चं, हे पाठीवर घेतल्यावरच कळतं. त्यामुळे तुम्ही शेतकरी असाल, तर पोतं पन्नास किलोच्या आसपास भरणं ही छोटी गोष्ट आहे, पण समोरच्याच्या पाठीला ती मोठी आहे.

मालधक्का : जिथे घड्याळ बघून घाम गाळावा लागतो

वाशिम रेल्वे स्थानक अकोला-पूर्णा मार्गावर आहे. हा मार्ग २००८ मध्ये मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला आणि मोठ्या मालगाड्यांचा रस्ता मोकळा झाला. खताची मालगाडी, जिला सगळे 'रॅक' म्हणतात, ती धक्क्याला लागली की वेगळीच धावपळ सुरू होते.

कारण रेल्वे डबे रिकामे करायला ठरावीक तास देते. ते उलटले की प्रत्येक डब्यामागे, प्रत्येक तासाला दंड सुरू होतो. त्याला डेमरेज म्हणतात. म्हणून रॅक रात्री दोनला लागली तर काम रात्री दोनलाच सुरू होतं.

अडीच हजार टन खताची रॅक धरा. ५० किलोच्या हिशोबाने पन्नास हजार गोण्या होतात. धक्क्यावर २०० हमाल असले तरी एकेकाच्या वाट्याला २५० गोण्या येतात. त्यातही खताची धूळ डोळ्यांत जाते, घामाने भिजलेल्या मानेला झोंबते. हातमोजे आणि तोंडावर बांधायचं कापड ही चैन नाही, गरज आहे. पिण्याचं पाणी, सावली, रात्रीचा उजेड आणि शौचालय यांचंही तसंच.

याच धक्क्यावर हमालाची आणि चालकाची गाठ पडते. डब्यातून निघालेली गोणी थेट ट्रकमध्ये पडते आणि ट्रक तालुक्याच्या गोदामाकडे निघतो.

लोकल ड्रायव्हर : रात्री घरी, पण दिवस कुणाचा?

मालवाहतुकीत चालकांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक 'लाइनवर' असणारा. तो हैदराबाद, इंदूर, गुजरातकडे गाडी घेऊन जातो आणि आठ-पंधरा दिवसांनी घरी येतो. दुसरा लोकल. धक्क्यावरून गोदामात, गावातून बाजारात, बाजारातून कारखान्यावर, दुकानातून गावात. तो बहुतेक रात्री घरी झोपतो. म्हणून हे काम हलकं वाटतं.

पण लोकल चालकाचा पगार बहुधा खेपेवर असतो. महिना पगार आणि वर भत्ता अशी पद्धतही आहे. गाडी स्वतःची असेल, तर भाड्यातून डिझेल, हप्ता, टायर आणि विमा वजा जाऊन उरेल ते त्याचं. खेपेवर पैसे असले की खरी झीज गाडी चालवण्यात होत नाही, ती थांबण्यात होते. भरायला चार तास, काट्यावर दोन तास, कारखान्याच्या दारात नंबर लागेपर्यंत पूर्ण रात्र. या वेळेचे पैसे कुणी द्यायचे, हे आधी ठरलेलं नसेल तर ते चालकाच्याच खिशातून जातात.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असा नियम होता. तो लागू व्हायचा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांपैकी कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या संहितेत विलीन झाला. दिवसाच्या ८ तासांचं तत्त्व तिथेही आहे. पण एक ट्रक, एक मालक, एक चालक अशा आपल्याकडच्या व्यवसायात तास मोजणार कोण, हा प्रश्न जुनाच आहे.

समृद्धी महामार्गाने काही बदललं का? नागपूर-मुंबई असा ७०१ किलोमीटरचा हा मार्ग वाशिम जिल्ह्यातून कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या पट्ट्यातून जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा आणि ५ जून २०२५ ला संपूर्ण मार्ग खुला झाला. लांबच्या मालाला त्याने वेळ वाचवला. पण या महामार्गावर ट्रॅक्टर आणि दुचाकीला प्रवेश नाही, आणि चढायला-उतरायला ठरावीक ठिकाणं आहेत. त्यामुळे गावातून माल उचलायचं काम जिल्ह्यातल्या साध्या रस्त्यांवरच चालतं, आणि ते लोकल चालकाकडेच राहतं.

लायसन्स आणि ओव्हरलोड : दोन गोष्टी ज्या माहीत हव्यात

पहिली, लायसन्स. अनेक तरुण साध्या चारचाकीच्या, म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर पिकअप किंवा छोटा हत्ती चालवतात. अपघात झाला की "वाहतूक वाहनाची नोंद लायसन्सवर नव्हती" असं म्हणत विमा कंपन्या हात वर करायच्या. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला हा वाद मिटवला. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेलं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असा निकाल दिला. त्यापेक्षा मोठ्या गाडीला मात्र वाहतूक वाहनाचं लायसन्स हवंच, आणि त्यासाठी वयाची २० वर्षं पूर्ण असावी लागतात.

दुसरी, ओव्हरलोड. २०१८ मध्ये केंद्राने गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. साध्या सहाचाकी ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन झाली. लक्षात घ्या, यात गाडीचं स्वतःचं वजनही धरलेलं आहे. मर्यादेवर भरलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेण्याचीही तरतूद आहे.

हे कलम फक्त चालकासाठी नाही. गाडी तशी चालवायला लावणाऱ्यालाही ते लागू आहे. पण रस्त्यावर अडवला जातो तो चालक. "भर रे, काही होत नाही" म्हणणारा माणूस त्या वेळी दुकानात असतो. म्हणून किती भरायचं ते भरण्याआधी ठरवा आणि काटापट्टी स्वतःकडे ठेवा.

बिल्टीचंही तसंच. तिच्यावर पोत्यांची संख्या लिहिलेली असते आणि चालक सही करतो. पोती मोजून घेतली नसतील तर तसा शेरा लिहूनच सही करावी. पुढे दोन पोती कमी भरली तर वाद त्या सहीवरच होतो.

अपघात झाला तर? इथेच कागद बोलतो

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग.

कामावर असताना चालक, क्लीनर किंवा हमालाचा मृत्यू झाला किंवा त्याला अपंगत्व आलं, तर मालकाकडून भरपाई मागता येते. मूळ कायदा १९२३ चा. हे सूत्र आता सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. मृत्यूच्या बाबतीत भरपाई अशी मोजतात : महिन्याच्या पगाराचे ५० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. २०२० पासून या हिशोबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात.

चाळीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा १८४.१७ आहे. आता दोन हिशोब बघा.

पगार १५,००० सिद्ध झाला तर : ७,५०० × १८४.१७ = १३,८१,२७५ रुपये.

पगार ६,००० एवढाच सिद्ध झाला तर : ३,००० × १८४.१७ = ५,५२,५१० रुपये.

माणूस तोच, काम तेच, घरी तितकीच लेकरं. फरक ८,२८,७६५ रुपयांचा. आणि तो फरक फक्त एका गोष्टीमुळे पडला, पगाराचा पुरावा. किमान वेतनाचा आधार घेऊन वकील लढू शकतो, पण आधी "हा माझ्याकडे कामाला होता" हेच मालकाने नाकारलं तर काय? रोखीने मजुरी, तोंडी ठरलेला भत्ता, टोळीच्या वहीत फक्त मुकादमाचं नाव. मग विधवेने सिद्ध काय करायचं?

रस्त्यावरचा अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हा दुसरा मार्ग आहे. पण एकाच अपघातासाठी मृत्यू किंवा दुखापतीची भरपाई या दोन्ही ठिकाणी मागता येत नाही, एक मार्ग निवडावा लागतो. चूक चालकाचीच होती असं म्हटलं जात असेल, तर कामगार भरपाईचा मार्ग बरा पडतो, कारण तिथे चूक कुणाची हा मुख्य प्रश्न नसतो. न्यायाधिकरणात जायचं असेल तर अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा.

जखमींसाठी आणखी एक सोय आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार रस्ता अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळू शकतात.

आणि एक धोक्याची सूचना. भरलेल्या ट्रकवर, पोत्यांच्या थप्पीवर बसून हमाल एका गावातून दुसऱ्या गावात जातात. हे नियमाविरुद्ध आहे. गाडी उलटली तर जीव जातोच, शिवाय "मालावर बसलेला माणूस विम्यात येत नाही" म्हणून विमा कंपनी दावा नाकारते. टोळीला न्यायचं असेल तर वेगळी गाडी करा.

चालकांच्या मनातली आणखी एक भीती म्हणजे 'हिट अँड रन'. भारतीय न्याय संहितेतल्या कलम १०६ (२) मध्ये अपघातानंतर न कळवता पळून गेल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. त्याविरोधात जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली तेव्हा हे एक कलम मात्र लागू केलं गेलं नाही.

मग करायचं काय? कागदांची यादी

हमाल असाल तर :

• बाजार समितीचा हमाल परवाना दरवर्षी नूतनीकरण करून घ्या. कामाचा तो पहिला पुरावा आहे.
• तुमच्या भागासाठी माथाडी मंडळ कोणतं आणि नोंदणी कशी करायची, हे जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात विचारा. टोळीने मिळून गेलं तर जास्त बरं.
• टोळीच्या वहीत प्रत्येकाचं नाव, दिवस, मालकाचं नाव आणि पोत्यांची संख्या लिहा. मोबाइलवर रोज फोटो काढून ठेवा.

चालक असाल तर :

• मालकाकडून साध्या कागदावर का होईना, पगार आणि भत्ता लिहून घ्या. पैसे बँकेत किंवा यूपीआयने घ्या. बँकेचं पासबुक हा पगाराचा सगळ्यात सोपा पुरावा आहे.
• गाडीच्या विम्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवा. त्यात चालक आणि क्लीनर यांचं संरक्षण आहे का, ते वाचून घ्या.
• थांबण्याचे पैसे, म्हणजे ठरलेल्या तासांनंतरचा भत्ता, खेप घेण्याआधी ठरवा.

दोघांसाठी :

• ई-श्रम नोंदणी. वय १६ ते ५९, आणि भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआयसीत नसलेल्यांना ती करता येते.
• वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. बँकेत एक अर्ज भरला की होते.
• वय १८ ते ४० असेल तर श्रमयोगी मानधन योजना. वयानुसार महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये पेन्शन.

अठरापैकी एक खुर्ची

बाजार समितीच्या संचालक मंडळात १८ जण निवडून जातात. त्यातले ११ सेवा सहकारी संस्थांमधून, ४ ग्रामपंचायतींमधून, २ व्यापारी-अडत्यांमधून आणि १ हमाल-मापाऱ्यांमधून. निवडणुकीच्या बातम्यांत ही एक जागा शेवटच्या ओळीत येते.

पण आवारात पाणी, सावली, शौचालय, हमालीचे दर, पोत्याचं वजन, चालकांच्या गाड्यांना उभं राहायला जागा, हे सगळं त्याच सभागृहात ठरतं. परवाना असेल तर मतदार यादीत नाव येतं. नाव असेल तर त्या एका खुर्चीवर कोण बसेल, हे ठरवता येतं. ट्रक चालकाला तर तिथे एकही जागा नाही, त्यामुळे त्याचं म्हणणंही त्या खुर्चीवरूनच मांडलं जाऊ शकतं.

कारंजाच्या बाजाराने १८८६ मध्ये मालाच्या वजनाला शिस्त लावली. आज त्याच जिल्ह्यात सोयाबीनचा किलो न् किलो कागदावर येतो. तसंच तो किलो वाहणाऱ्या माणसाचं नावही कागदावर यावं, यासाठी नवा कायदा लागत नाही. आहे तो वापरावा लागतो. पुढच्या वेळी हिशोबपट्टी हातात आली, की 'हमाली' या शब्दासमोरचा आकडा वाचताना एवढंच विचारा : ही रक्कम मंडळातून गेली, की हातोहात?